सावडीनं चढलेला गड

टाळ्यांचा आवाज आला की अजूनही माझं डोकं फिरतं. टीव्हीवर कुणाला बक्षीस मिळत असो नाहीतर शाळेत कुणाचा सत्कार असो, टाळ्या सुरू झाल्या की मी उठते आणि आत जाऊन भांड्यांना हात घालते. घरातल्यांना त्याची सवय झाली आहे. सून टीव्हीचा आवाज बारीक करते.

माझं घर वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत आहे. दहावी झालेली सून म्हणून मी इथे आले. त्या दहावीचा उपयोग पुढची वीस वर्षं एवढाच झाला, की तहसील कचेरीतून कुणाला काही कागद आला की तो माझ्याकडे वाचायला यायचा. मग पुण्याच्या एका संस्थेनं आमच्या भागात आरोग्याचं काम काढलं आणि गावोगावच्या बायकांना आरोग्यताई म्हणून घेतलं. माझ्याकडे दोन वाड्या आल्या. घरोघर जायचं, पोरांची वजनं करायची, पोटुशी बाई असेल तिला दवाखान्यात न्यायचं, म्हाताऱ्यांना रक्तदाबाच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगायचं. मानधन बेताचंच होतं, तेही वेळेवर येईल तर शपथ.

पण लोक ताई म्हणायला लागले. तोवर मी अमक्याची बायको आणि तमक्याची आई होते. आता सत्तरीतला म्हातारा वाटेत थांबून म्हणायचा, ताई, जरा माझा हात बघता का, मुंग्या येतात. हे ताईपण मला सोडायचं नव्हतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे मी पुढे जो संताप करणार आहे तो कशासाठी, हे समजेल.

आधी आमचं शिकणं साधं होतं. महिन्यातून एकदा वेल्ह्यात जमायचो. एका जुन्या नर्सबाई यायच्या, सतरंजी टाकून बसायच्या, समजावून सांगायच्या. आम्ही मध्ये मध्ये शंका काढायचो, त्या ओरडायच्या, मग हसायच्या. दुपारी सगळ्यांचे डबे एकत्र उघडायचे. एका वर्षी संस्थेनं ते बंद केलं. जाण्यायेण्याचा खर्च वाचेल आणि आता सगळं मोबाईलवर शिकता येईल, असं कळवलं. नर्सबाईंना निरोपाचा नारळसुद्धा दिला नाही. आम्हीच वर्गणी काढून साडी दिली.

मोबाईलवरचं ते प्रकरण दाखवायला आम्हाला भोरला बोलावलं होतं, एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये. पुण्याहून एक सर आले होते. सर म्हणजे माझ्या मुलाच्या वयाचा पोरगा, पण गुणी होता. आमच्यातल्या प्रत्येकीला त्यानं वाकून नमस्कार केला. त्यानं आणि त्याच्या मित्रांनी मिळून आमच्यासाठी एक गेम बनवली होती. पडद्यावर एक किल्ला दिसायचा. पायथ्याला एक ताई उभी, खांद्याला पिशवी, साडी आमच्यासारखी आणि तोंड शहरातल्या मुलीचं. प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं की ती एक पायरी चढणार. चुकलं की वरून दगड गडगडत यायचा आणि ती घसरून खाली. पहिल्या दरवाजाला पोचलं की शिलेदार, दुसऱ्याला हवालदार, माथ्यावर किल्लेदार. माथ्यावर निशाण फडकायचं आणि टाळ्या वाजायच्या. धडा पुरा झाला तरी थोड्या टाळ्या वाजायच्याच.

रोज एक तरी धडा करायचा, हा नियम. एक दिवस चुकला की साखळी तुटली आणि तुम्ही मागच्या दरवाजाला. सगळ्यांची नावं चढत्या उतरत्या क्रमानं सगळ्यांना दिसणार. मागे राहील तिचं नाव लाल. हे सगळं सांगून झाल्यावर सरांनी हळूच, गोड आवाजात, जोडलं की दिवाळीपर्यंत ज्यांचा गड अपुरा राहील त्यांचं काम पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही हे वरून ठरेल. हॉलमध्ये चुळबुळ झाली. खरा डोंगर चढून आम्ही वर्षानुवर्षं घरोघर जात होतो. त्यानं नोकरी टिकत नव्हती म्हणे, आता बसल्या जागी बोटानं चढलो तर टिकणार होती.

आमच्या बाजूच्या आठजणींचा एक गट होता. त्यातली एक धाकटी होती, तिचं माहेर भोरजवळचं उत्रोली, म्हणून तिला सगळ्या उत्रोलीचीच म्हणायच्या. नवरा टेम्पो चालवायचा, दोन पोरं लहान. आठवीतून शाळा सुटलेली, त्यामुळे स्क्रीनवरची लांबलचक वाक्यं आली की ती कंटाळून फोन पालथा घालायची. पण बोटं भारी चपळ. दोन अंगठ्यांनी टाईप कसं करायचं ते तिनंच मला शिकवलं. मला आक्का म्हणायची. माझ्या चुलीपुढे बसून हक्कानं भाकरी मागून खाणारी ती एकटीच.

पहिले काही आठवडे आम्ही त्या गेमची खूप थट्टा केली. बाजारात भेटलो की, काय हवालदार, भाजी कशी दिली, असं चालायचं. एकीच्या नवऱ्यानं तिला घरात किल्लेदारीणबाई म्हणायला सुरुवात केली आणि तिनं त्याला दोन दिवस चहा दिला नाही. पण थट्टेआड भीती होतीच. आमच्या वाड्यांत रेंज कुठे येते? खिंडीच्या अलीकडे एक जांभळाचं झाड आहे, त्याच्या खाली उभं राहिलं तर येते, तीही पुण्याच्या दिशेला तोंड करून. मुंबईला कामाला असलेल्या पोरांशी बोलायला अख्खी वाडी त्याच झाडाखाली जाते. आता आम्ही ताया तिथे उभ्या राहून गड चढायला लागलो.

आणि खरं सांगायचं तर मला ती गेम आवडायला लागली. हे लिहिताना मला माझाच राग येतो, पण खोटं कशाला लिहू? जन्मात माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ना दहावी झाले तेव्हा, ना मुलगा झाला तेव्हा. त्या फोनमधून, पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारख्या का असेनात, टाळ्या वाजायच्या आणि जांभळाखाली मी एकटीच हसायची. शिकायलाही मिळालं. तान्ह्या बाळाचा श्वास पोटाकडे बघून कसा मोजायचा, हे नर्सबाईंनी सांगितलं होतं, पण गेममध्ये बाळाचं पोट हलताना दिसायचं. ते डोळ्यांत बसलं. काही प्रश्न मात्र डोक्यात जायचे. बाळंतीण घरी अडली तर काय कराल? बरोबर उत्तर, ताबडतोब रुग्णवाहिकेला फोन करा. मी आपलं पहिल्यांदा दुसरं उत्तर दाबलं, शेजाऱ्यांना बोलवा, कारण फोन लावायलाच आधी जांभळापर्यंत जावं लागतं आणि तोवर तिच्यापाशी कुणीतरी पाहिजे. वरून दगड आला. दुसऱ्या वेळी मी मुकाट्यानं रुग्णवाहिका दाबली.

आषाढ लागला आणि घोडं अडलं. आमच्याकडे लावणी म्हणजे घरात कुणी नसतं. तरवा, म्हणजे भाताची रोपं, तयार झाला की पाण्यानं भरलेली खाचरं थांबत नाहीत. सकाळी अंधुक उजेडात चिखलात उतरायचं आणि दिवेलागणीला बाहेर यायचं, हात पाय चिखलानं फुगलेले. अशात फोन सुका ठेवून खिंडीपर्यंत कोण जाणार? साखळ्या तुटायला लागल्या. उत्रोलीची शिलेदारावरून पायथ्याला आली, तिचं नाव लाल झालं. तिनं ते मला दाखवलं तेव्हा तिचा चेहरा दहावीत नापास झालेल्या पोरीसारखा झाला होता.

माझी अडचण वेगळी होती. आदल्या पावसाळ्यात वरच्या वाडीला वजनकाटा घेऊन जाताना मी बांधावरून घसरले होते. तेव्हापासून कंबर गेलेली. चालता येतं, उभं राहता येतं, वाकता येत नाही. लावणी म्हणजे दिवसभर वाकणं. आमच्याकडे सगळी लावणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी मिळून हिचं खाचर लावायचं, उद्या तिचं, परवा माझं. पैशाचा संबंध नाही. पण घेतलेली सावड फेडायची असते, ज्याच्याकडून दिवस घेतला त्याला दिवस द्यायचा असतो. न फेडणाऱ्या घराच्या बांधावर पुढच्या वर्षी कुणी फिरकत नाही. मी काय फेडणार होते? मालक गेल्यावर घरात वाकणारं माणूसच नव्हतं, मुलगा आणि सून पुण्याला, त्याला कंपनीत सुट्टी मिळेना. ते वर्ष खाचर पड ठेवायचं असं मी मनाशी ठरवलंही होतं.

आठहीजणी जांभळाखाली जमलेल्या असताना उत्रोलीचीनंच तोड काढली. ती म्हणाली, "आक्का, तुमी वाकू नका. तुमचं खाचर आमी लावतो. तुमी जांभळाखाली उभं ऱ्हाऊन आमचा गड चढा. सावड फिटली."

सगळ्यांना ते एकदम पटलं. कुणाच्या मनात शंकेची पालसुद्धा चुकचुकली नाही. एकीचं काम दुसरीनं करायचं आणि दुसरीचं तिसरीनं, यावरच आमचं गाव चालतं. त्यात काही चोरीचं आहे असं आम्हाला का वाटावं? उलट दोन्ही अडचणी एका फटक्यात सुटल्या म्हणून आम्ही खूश होतो. सगळ्यांनी आपापल्या फोनला एकसारखंच लॉक केलं. कुणाचा कुठला ते कळावं म्हणून मागे वेगवेगळ्या रंगाचे रबर लावले.

मग लावणी संपेपर्यंत माझा तो नेमच झाला. सकाळी खाचराच्या बांधावर जायचं. बायका आपापले फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माझ्या भाकरीच्या डब्यात टाकायच्या. मी डबा पदराखाली घेऊन खिंडीकडे निघायची. जांभळाखाली इरलं पांघरून, पुण्याकडे तोंड करून, एकामागून एक फोन काढून गड चढायची. तोच धडा आठ वेळा. एकदा चुकले तरी पुढच्या फोनवर चूक सुधारायची. चढून चढून मला ते धडे तोंडपाठ झाले. रस्त्यात कुणाचं तान्हं बाळ दिसलं की माझी नजर आपोआप त्याच्या पोटावर जायची आणि मी मनात मोजायला लागायची. पाय भरून यायचे, अंगठा दुखायचा, पण खाली माझ्या खाचरात सातजणी ओळीनं वाकलेल्या दिसायच्या आणि वाटायचं, दिवस फुकट घेत नाही मी.

खाचर सुरेख लागलं. उत्रोलीचीच्या हातची ओळ तर दोरी धरल्यासारखी सरळ. नंतरच्या भांगलणीलाही आम्ही तोच शिरस्ता ठेवला.

गणपती झाल्यावर भोरहून निरोप आला. सगळ्या तालुक्यांत आमचा गट पहिला आला होता. आठच्या आठ किल्लेदार. जिथे रेंज नाही, रस्ता नाही, त्या डोंगरातल्या बायका पहिल्या आल्या म्हणून संस्थेला कोण आनंद. त्याच हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. पुण्याहून मोठ्या मॅडम आल्या, काम चालवायला पैसे देणारे पाहुणे आले. आम्ही ठेवणीतल्या साड्या काढल्या होत्या. प्रत्येकीला एक फेटा बांधला आणि पुठ्ठ्याचं निशाण हातात दिलं. सर फोटो काढत इकडून तिकडे पळत होते. त्यांच्या तोंडावरचा आनंद अगदी खरा होता, हे मी आजही सांगेन. पोराच्या मेहनतीचं चीज झालं होतं.

मॅडम माईकवर म्हणाल्या की इतक्या अडचणीतून तुम्ही हे यश कसं मिळवलंत ते तुमच्यापैकी एकीनं सांगावं. बायकांनी मला पुढे ढकललं. मी माईकसमोर कधी उभी राहिले नव्हते, पण त्या दिवशी घाबरले नाही. कारण सांगायचं होतं ते चांगलंच होतं. कुणाचं अडू दिलं नाही, कुणाचं पडू दिलं नाही, याहून अभिमानानं सांगण्यासारखं आमच्याकडे दुसरं काय असतं? मी म्हणाले, "आमी सावड केली. माझी कंबर गेली व्हती, तर ह्या समद्यांनी माझं खाचर लावलं. आन म्या खिंडीत उभं ऱ्हाऊन ह्यांचा गड चढून दिला. कुणाचंच काय ऱ्हायलं न्हाई."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्या हॉलनं, भोरकडच्या गटांनीसुद्धा, अगदी मनापासून. माणसांनी माझ्यासाठी वाजवलेल्या त्या पहिल्या टाळ्या आणि शेवटच्या. मी हसून व्यासपीठाकडे वळले तेव्हा सरांनी कॅमेरा खाली घेतला होता. मॅडमच्या तोंडावर हसू तसंच होतं, पण त्या बघत माझ्याकडे नव्हत्या, पाहुण्यांकडे बघत होत्या. छान, छान, म्हणत त्यांनी माझ्या हातातून माईक घेतला आणि पुढच्या गटाला बोलावलं. जेवणात गुलाबजाम होते. मला तोवर काही कळलं नव्हतं, मी दोन खाल्ले.

आठवड्याभरात वेल्ह्याच्या ऑफिसात बोलावणं आलं. बाजारातल्या एका दुकानाच्या माडीवर ते ऑफिस होतं, दोन खोल्या, मध्ये प्लायवूड. मॅडम पुण्याहून मुद्दाम आल्या होत्या. लॅपटॉपवर त्यांनी मला एक नकाशा दाखवला. त्यावर खिंडीपाशी एकाच ठिकाणी आठ टिंबं होती, एकावर एक. त्या जराही रागावल्या नाहीत, उलट मला पाणी दिलं. मग विचारलं की इतरांचं प्रशिक्षण तुम्ही पूर्ण केलंत हे खरं का. मी म्हटलं खरं, मी तर माईकवर सांगितलं. त्या म्हणाल्या, ही फसवणूक होते हे तुम्हाला कळतं का? मी म्हटलं, फसवलं कुणाला? त्यांनी माझं खाचर लावलं, मी त्यांचा गड चढले. त्या म्हणाल्या, शेतीचा इथे संबंध नाही.

संबंध नाही. हे वाक्य मला फार लागलं. आषाढात गेम चालू ठेवणाऱ्यांना आषाढात आमच्याकडे काय असतं हे माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची गरजही वाटत नाही. एखादा धडा आठ दिवस पुढे ढकलला असता तर कुणाचा गड कोसळणार होता? मी तसं बोलून दाखवलं. मॅडमनी मान हलवली आणि मला बाहेर बसायला सांगितलं.

बाकीच्यांना एकेक करून आत बोलावलं. प्लायवूड पातळ होतं, मला सगळं ऐकू येत होतं. एकीनं मला आठवत नाही म्हटलं, दुसरी रडायला लागली. मग उत्रोलीची आत गेली. मला वाटलं, आता ही नीट सांगेल, तोड तर हिनंच काढली होती. मॅडमनी विचारलं आणि ती म्हणाली, "फोन आक्कांकडं असायचा. त्यांनी त्यात काय केलं, मला म्हाईत न्हाई."

बाहेर आली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पायात चपला अडकवल्या आणि जिना उतरून गेली. तिच्या घरी टेम्पोचा हप्ता होता, पोरांच्या शाळा होत्या, हे सगळं मला ठाऊक होतं. तिच्या जागी मी असते तर काय बोलले असते, याचाही मी खूप विचार केला. पण कारण कळलं म्हणून राग जातो, हे कुणी सांगितलं? सावडीला आलेल्या माणसाचं काम कुणी नाकारत नाही. भांडणं होतात, बोलचाल बंद होते, पण तू माझ्या खाचरात आलाच नव्हतास, असं कुणी म्हणत नाही. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

बाकी सातजणींना समज देऊन सोडलं. त्यांचे गुण तसेच ठेवले. ते का, हे मला सरांकडून कळलं. ते जिन्यात मला गाठून खालमानेनं म्हणाले की काकू, सगळ्यांचे गुण काढले तर पूर्ण तालुक्याचा आकडा पडतो, पाहुण्यांना दाखवायचा आहे ना. मग एकीवर काहीतरी करावं लागलं. मला त्यांनी सॉरी म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं पोराच्या. माझ्या नाही आलं. मी त्याला म्हटलं, जा, तुझी गाडी चुकेल.

दिवाळी झाल्यावर मला काढल्याचं त्या गेमनंच कळवलं. एका सकाळी जांभळाखाली फोन उघडला तर ती साडीतली ताई गडाच्या पायथ्याशी उभी राहून हात हलवत होती आणि खाली लिहिलं होतं, तुमचा प्रवास इथे थांबत आहे, सहभागाबद्दल धन्यवाद. मी दोनदा वाचलं. बोटानं वर जायला बघितलं, दरवाजा उघडेना. वजनकाटा आणि पिशवी न्यायला चार दिवसांनी एक माणूस आला. काटा देताना मी तो पुसून दिला, का ते मलाही माहीत नाही.

वाडीत लोक ताईच म्हणत राहिले, त्यांना काय ठाऊक. पोराला ताप आला, गोळी कुठली घेऊ, म्हणून दारात यायचे. सांगायची चोरी झाली होती, कारण आता मी सांगितलेलं चुकलं तर मागे उभं राहायला कुणी नव्हतं. नवीन ताई येईल तिला विचारा, असं म्हणून मी त्यांना परत पाठवायची आणि पोराच्या पोटाकडे बघत राहायची. शिकलेलं असं विसरता येत नाही. नवीन ताई हिवाळाभर आलीच नाही. माझ्या दोन्ही वाड्या तशाच पडून होत्या.

वैशाखात एका दुपारी दारात चपला वाजल्या. उत्रोलीची होती. खांद्याला संस्थेची पिशवी, हातात वजनकाटा, माझाच, त्याच्या हुकाला मी बांधलेली चिंधी तशीच होती. माझ्या वाड्या तिला जोडून दिल्या होत्या. आसपासच्या तायांमध्ये सगळ्यांत जास्त गुण असलेली म्हणून तिची निवड झाली होती. ते गुण कुठून आले हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. पावसात उभं राहून मिळवलेल्या माझ्याच गुणांनी माझी जागा घेतली होती.

ती आमच्याकडे आली कारण सून पोटुशी होती, माहेरी करणारं कुणी नव्हतं म्हणून पहिल्या बाळंतपणाला ती पुण्याहून माझ्याकडे आली होती. नियमानं घरी भेट देऊन नोंद करायची असते, आता तीही त्याच गेममध्ये, रेंज नसली तरी भरता येणारी. मी तिला बस म्हटलं. सुनेनं सतरंजी टाकली. उत्रोलीचीनं फोन काढला आणि एकेक प्रश्न अडखळत वाचायला लागली. मध्येच एक शब्द अडला तेव्हा तिनं सवयीनं माझ्याकडे पाहिलं, मीही सवयीनं तो सांगितला. पाळी शेवटची कधी आली ते कसं विचारायचं, पायावर सूज बघताना बोट कुठे दाबायचं, ती विसरायची आणि मी सांगायची. मला नाही सांगायचं असं म्हणता आलं असतं. पण समोर बसलेली माझी सून होती आणि तिच्या पोटात माझं नातवंड होतं.

शेवटी एक प्रश्न राहिला. तो तिनं मनातल्या मनातच वाचला. मी विचारलं, काय आहे? तिनं फोन माझ्याकडे वळवला. लिहिलं होतं, घरातील ज्येष्ठ स्त्रीला माहिती समजली का? खाली होय आणि नाही.

ती म्हणाली, "व्हय दाबू का, आक्का?"

मी म्हटलं, दाब.

टाळ्या वाजल्या. माझ्याच घरात, माझ्याच चुलीपुढे. पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारख्या. उत्रोलीचीनं घाईघाईनं आवाज बंद करायला बघितलं, पण तिला ते बटण सापडेना आणि टाळ्या पूर्ण वाजून आपोआप थांबल्या. मी उठून आत गेले आणि घासलेलीच भांडी परत घासायला घेतली.

बऱ्याच वेळानं ती आतल्या दाराशी येऊन उभी राहिली. सूनबाईंनी चहा केलाय, असं तिनं सांगितलं. मग खाली बघत म्हणाली, "आक्का, औंदाबी आमी तुमचं खाचर लावतो. म्या बोलले समद्यांशी. आषाढात येतो."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. राग आला होता, आणि खरं तर तिला जवळ घ्यावंसंही वाटलं होतं, दोन्ही एकदम. पण गेल्या वर्षी माझ्याकडे देण्यासारखं काहीतरी होतं. या वर्षी कंबर तीच होती आणि गडाचा दरवाजा बंद होता. न फेडता सावड घेतली तर ती सावड राहत नाही, ती भीक होते, आणि हे तिलाही ठाऊक होतं.

"नगं येऊ," मी म्हटलं. "माझ्याकडं फेडायला आता काय न्हाई."

चहा पिऊन ती गेली. त्या वर्षी खाचर पड राहिलं.